खाऊन-पिऊन जनावर खंगते कशाने?
यकृतकृमीची बाधा, यकृताचे काम आणि त्यातून वाहणारे रक्त कसे मोजतात

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भातील जिल्हे धानाचे आणि तलावांचे. माजी मालगुजारी तलाव, शेताच्या वरच्या अंगाला बांधलेल्या बोड्या आणि पाण्याने भरलेल्या बांध्या यांच्या आधारावर इथली शेती उभी आहे. या पट्ट्यातील गोंड, माडिया, हलबा अशा समाजांच्या बहुतेक कुटुंबांकडे जमीन थोडी असते. घरची बैलजोडी धड असेल तर चिखलणी वेळेवर होते. ती खंगलेली असेल तर दुसऱ्याच्या जोडीची वाट पाहावी लागते आणि रोवणी लांबते. लांबलेली रोवणी म्हणजे कमी धान. म्हणून बैलाची तब्येत हा या घरांत वर्षभराच्या अन्नाचा प्रश्न असतो.

या भागात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना गावकरी एक गोष्ट हमखास सांगतात : "जनावर चरते, पाणी पिते, रवंथ करते, पण अंग धरत नाही." काही दिवसांनी त्याच जनावराच्या जबड्याखाली सूज उतरते, डोळ्यांच्या आतला लाल रंग फिका पडतो आणि नांगराला जुंपले की ते लवकर दमते. अशा वेळी मनात आणावयाचा एक मोठा संशय म्हणजे यकृतकृमी. हा आजार यकृतात नेमके काय बिघडवतो, ते बिघडलेले शास्त्रज्ञ कसे मोजतात आणि त्या ज्ञानाचा खेड्यात काय उपयोग, हे या लेखात पाहू.

जंताचा प्रवास

यकृतकृमी हा पानासारखा चपटा जंत आहे. थंड हवेच्या देशांत आढळणाऱ्या जातीला फॅसिओला हेपॅटिका म्हणतात. आपल्याकडच्या उष्ण मुलुखात तिची मोठी बहीण फॅसिओला जायगँटिका आढळते. ती ७ सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकते. जंताची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात गेले की उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत अंड्यांतून सूक्ष्म पिल्ले निघतात आणि लिम्निया कुळातील गोड्या पाण्याच्या गोगलगायीत शिरतात. तिच्या अंगात त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. मग ती गोगलगायीतून बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर किंवा धानाच्या बुंध्यावर चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. जनावराने ते गवत खाल्ले की जंत पोटात जातो.

पुढचा प्रवास विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आतड्यात कवच सुटले की पिल्लू आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येते आणि बाहेरच्या बाजूने यकृतात घुसते. कित्येक आठवडे ते यकृताचे मांस पोखरत हिंडते. शेवटी ते पित्तनलिकेत मुक्काम करते, तिथे मोठे होते आणि अंडी घालू लागते. जायगँटिका जातीत गवत खाल्ल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत साधारण १३ ते १६ आठवडे जातात. सप्टेंबरच्या मध्याला जनावराने जंत गिळला, तर शेणात अंडे दिसायला डिसेंबरचा मध्य किंवा जानेवारी उजाडतो. तोवर शेण तपासले तर अहवाल 'निर्दोष' येतो, आणि आत यकृत पोखरले जात असते. पुढील सारी मोजमापे कशासाठी आहेत, याचे उत्तर या तीन-चार महिन्यांत आहे.

दोन वाटांनी येणारे रक्त

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. एक वाट यकृत-रोहिणीची. ती हृदयाकडून प्राणवायूने भरलेले रक्त आणते. दुसरी वाट द्वारशिरेची. पोट आणि आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त या शिरेने यकृतात येते. यकृतात येणाऱ्या रक्ताचा मोठा हिस्सा या दुसऱ्या वाटेचा असतो. दोन्ही रक्ते यकृताच्या बारीक वाहिन्यांत एकत्र होतात, पेशींशी त्यांची देवघेव होते आणि मग यकृत-शिरांतून ते हृदयाकडे जाते.

या देवघेवीत यकृत अनेक कामे उरकते. जनावराला लागणारी बरीचशी साखर यकृत तयार करते. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन तिथेच बनते. विषारी द्रव्ये आणि औषधे तिथे निकामी होतात. पित्तही तिथेच तयार होते.

जंताचे पिल्लू या मांसातून वाट काढते तेव्हा त्याच्या मार्गात रक्तस्राव होतो, लहान शिरांत गुठळ्या होतात आणि ज्या भागाचा पुरवठा तुटतो तो भाग मरतो. जखम भरताना तिथे कठीण तंतू तयार होतात. हे तंतू आवळले की आतल्या शिरा अरुंद होतात. दुसरीकडे मोठा झालेला जंत पित्तनलिकेत बसून रक्त पितो. एका मोठ्या जंतामुळे दिवसाला अर्ध्या मिलिलिटरपर्यंत रक्त जाते. १०० जंत असले तर दिवसाला ५० मिलिलिटर, म्हणजे महिन्याला दीड लिटर. ३०० किलोच्या बैलाच्या अंगात सुमारे १८ लिटर रक्त असते. आधीच अर्धपोटी राहणाऱ्या जनावराला ही गळती भरून काढणे जड जाते. रक्तासोबत अल्ब्युमिनही जाते. अल्ब्युमिन रक्तातले पाणी शिरांत धरून ठेवते. ते कमी झाले की पाणी शिरांबाहेर झिरपते आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साचते. गावकऱ्यांना दिसणारी सूज ती हीच.

रक्ताचा नमुना काय सांगतो?

यकृताची पेशी फुटली की तिच्यातील द्रव्ये रक्तात सांडतात. ती मोजली की नुकसान चालू आहे की नाही ते कळते. जनावरांत दोन द्रव्ये विशेष उपयोगी ठरली आहेत.

पहिले जीएलडीएच. हे यकृतपेशीच्या आत खोलवर असते. पिल्ले यकृताचे मांस पोखरत असतात त्या आठवड्यांत ते रक्तात वाढते. म्हणजे शेणात एकही अंडे नसताना ही तपासणी धोक्याची सूचना देऊ शकते.

दुसरे जीजीटी. याचा संबंध पित्तनलिकांच्या अस्तराशी आहे. जंत पित्तनलिकांत पोहोचले, नलिका सुजल्या की ते वाढू लागते आणि बरेच दिवस वाढलेले राहते. म्हणून दोन्ही एकत्र पाहिली तर जंत प्रवासात आहे की मुक्कामाला पोहोचला आहे याचा अंदाज बांधता येतो.

माणसाच्या यकृताच्या तपासणीत डॉक्टर एएलटी नावाचे द्रव्य पाहतात. गाई-बैलांच्या यकृतात ते फार थोडे असते, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. एएसटी वाढलेले दिसले तरी ते स्नायूंतूनही आलेले असू शकते. दिवसभर औत ओढून आलेल्या बैलात तर हे ध्यानात घ्यायलाच हवे. माणसाची प्रयोगशाळा आणि जनावराची प्रयोगशाळा यांत फरक असतो, तो असा.

ही द्रव्ये नुकसान दाखवतात. यकृताची उरलेली ताकद दाखवत नाहीत. घराचे छप्पर गळते आहे हे कळणे वेगळे आणि घरात किती माणसे अजून कोरडी झोपू शकतात हे कळणे वेगळे. त्यासाठी दुसरी परीक्षा लागते.

रंगाची परीक्षा

१९२५ साली रोझेंथाल आणि व्हाइट या दोन डॉक्टरांनी माणसाच्या यकृताची परीक्षा घेण्यासाठी ब्रोमसल्फॅलीन हा रंग वापरला. पुढे ही पद्धत जनावरांतही आली. रंग शिरेतून टोचतात. यकृत तो रक्तातून उचलते आणि पित्तात टाकते. काही मिनिटांच्या अंतराने रक्ताचे नमुने घेऊन त्यातील रंग मोजतात आणि तो निम्मा व्हायला किती वेळ लागला ते काढतात. निरोगी गाईत हा वेळ साधारण पाच मिनिटांच्या आत असतो. यकृत थकले असेल तर तो लांबतो. याच कामासाठी इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंगही वापरतात.

पण इथे एक पेच आहे. रंग हळू निघाला याचे कारण पेशी दुबळ्या झाल्या हे असेल, किंवा पेशी ठीक आहेत पण त्यांच्यापर्यंत रक्तच कमी पोहोचते हेही असेल. यकृतकृमीत दोन्ही घडू शकते. म्हणून यकृतातून रक्त किती वाहते हे स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक ठरते.

वाहते रक्त कसे मोजतात?

याचे तत्त्व १८७० साली अॅडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. ते समजायला धान उफणण्याच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. यंत्रात जाणाऱ्या प्रत्येक पोत्यात १० किलो कचरा आहे. बाहेर येणाऱ्या पोत्यात ५ किलो उरतो. म्हणजे दर पोत्यामागे ५ किलो कचरा निघाला. संध्याकाळी यंत्राखाली १०० किलो कचरा साठलेला दिसला, तर दिवसभरात २० पोती गेली हे पोती न मोजताही कळते.

यकृताचे तसेच आहे. रंग शिरेतून संथ आणि सारख्या गतीने सोडत राहतात. काही वेळाने रक्तातील रंगाचे प्रमाण स्थिर होते; म्हणजे जेवढा रंग आत जातो तेवढाच यकृत काढून टाकते. समजा मिनिटाला १०० मिलिग्रॅम रंग सोडला, यकृतात शिरणाऱ्या रक्तात लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि बाहेर पडणाऱ्या रक्तात ५ मिलिग्रॅम रंग आढळला. तर मिनिटाला २० लिटर, म्हणजे तासाला १२०० लिटर रक्त यकृतातून जाते. बाहेर पडणाऱ्या रक्ताचा नमुना मिळवायला यकृत-शिरेत बारीक नळी ठेवावी लागते. ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली माणसांत याच रीतीने यकृताचा रक्तप्रवाह मोजला. मोठ्या जनावरांत ही नळी बहुधा शस्त्रक्रियेने बसवतात.

आता उफणणीच्या यंत्राकडे पुन्हा पाहा. यंत्र ढिले झाले तर पोत्यामागे ५ किलोऐवजी २ किलोच कचरा निघेल. हे न तपासता कोणी जुन्याच हिशोबाने पोती मोजली तर उत्तर चुकेल. आजारी यकृतातही पेशी रंग कमी उचलतात. म्हणून निरोगी जनावरात काढलेला 'किती रंग उचलला जातो' हा आकडा आजारी जनावराला लावता येत नाही. आत जाणारे आणि बाहेर पडणारे रक्त त्याच जनावरात तपासावे लागते.

दुसरी काळजी चाऱ्याची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूध देणाऱ्या गाईंच्या यकृतातून तासाला सुमारे १५०० लिटर, तर भाकड गाईंच्या यकृतातून सुमारे ७५० लिटर रक्त वाहताना आढळले. खाणे झाल्यावर हा प्रवाह आणखी वाढला. म्हणजे उपाशी जनावराचे मोजमाप आणि पोटभर चरलेल्या जनावराचे मोजमाप यांची तुलना होऊ शकत नाही. आजारी जनावर मुळातच कमी खाते. त्याचा रक्तप्रवाह आजारामुळे घटला की कमी खाण्यामुळे, हेही तपासावे लागते.

आता काही पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांत सोनोग्राफीचे यंत्र असते. त्यात बरगड्यांमधून यकृत आणि जाड झालेल्या पित्तनलिका दिसतात. डॉपलरची सोय असेल तर द्वारशिरेतील रक्ताचा वेग आणि शिरेची रुंदी घेऊन, जनावराला इजा न करता प्रवाहाचा अंदाज काढता येतो.

यकृताचा मोठेपणा आणि त्यातला धोका

यकृत हा फार सोशिक अवयव आहे. गुरांत यकृतकृमीची झळ डाव्या भागाला अधिक बसते. तो भाग आक्रसतो, पित्तनलिका जाड होऊन त्यांत चुना साठतो; कापताना सुरी कचकचते इतक्या त्या कठीण होतात. त्याच वेळी उजवा भाग वाढून डाव्याचे काम अंगावर घेतो. त्यामुळे बरेच यकृत खराब होऊनही रंगाची परीक्षा जवळजवळ नेहमीसारखी येऊ शकते. परीक्षा बिघडलेली दिसली तर नुकसान मोठे आहे असे समजावे. ती ठीक आली म्हणजे नुकसान नाही, असे मात्र समजू नये.

यातून गावासाठी एक स्पष्ट शिकवण निघते. जनावर दिसायला खंगेपर्यंत थांबलो तर यकृताची राखीव ताकद संपत आलेली असते. औषधाने जंत मरतात, पण तंतू झालेला भाग पूर्वीसारखा होत नाही. उपचार वेळेवर व्हायला हवा.

गावात काय मोजता येते?

रंगाची परीक्षा, शिरेतील नळी, डॉपलर ही साधने संशोधन केंद्रांची. ग्रामकार्यकर्ते आणि पशुसखी यांच्या हातात असलेली मोजमापे साधी आहेत, पण नेमाने केली तर फार उपयोगी पडतात.

१. डोळ्याची पापणी. खालची पापणी हलकेच उघडून आतला रंग पाहावा. लालसर-गुलाबी ठीक; पांढुरका असेल तर रक्त कमी झाले आहे.

२. जबड्याखालची सूज. बोटाने दाबावे. खळगा पडून काही क्षण राहिला तर ते पाणी आहे.

३. शेणाची तपासणी. यकृतकृमीचे अंडे जड असते, ते मिठाच्या पाण्यावर तरंगत नाही. म्हणून शेण पाण्यात कालवून चहाच्या गाळणीने गाळावे, गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी ओतावे आणि पाणी नितळ होईपर्यंत असे करावे. तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. यकृतकृमीचे अंडे सोनेरी पिवळे दिसते. पोटातील चपट्या जंतांचे अंडे बिनरंगी असते. शेणाचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला तरी चालतो.

४. वजनाचा अंदाज. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०, म्हणजे किलोत वजन. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर वजन सुमारे २७० किलो. औषधाची मात्रा वजनावर ठरते. अंदाजाने कमी औषध पाजले तर दणकट जंत उरतात आणि पुढे औषधालाच दाद देईनासे होतात. ऑस्ट्रेलियात ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे यकृतकृमी १९९५ मध्येच नोंदले गेले.

५. रक्ताचा नमुना. गावातील अनेक जनावरे एकदम खंगत असतील तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना सांगून चार-पाच जनावरांचे रक्त प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती करावी. जीएलडीएच, जीजीटी आणि अल्ब्युमिन या तीन तपासण्यांतून पुष्कळ कळते.

औषध आणि त्याची वेळ

सर्व जंतनाशके यकृतकृमीवर चालत नाहीत, आणि जी चालतात त्यांतही फरक आहे. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या झालेल्या जंतांवर चालते. यकृत पोखरणाऱ्या पिल्लांवर नाही. ट्रायक्लाबेंडाझोल लहान-मोठ्या दोन्ही जंतांवर चालते. अल्बेंडाझोल मोठ्या जंतांवर जास्त मात्रेत चालते, पण गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ते गाईला देऊ नये. म्हणून पावसाळा संपताच मोठ्या जंतांचे औषध एकदा पाजून स्वस्थ बसले, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गिळलेले जंत त्यातून सुटतात. त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीत पुन्हा तपासणी आणि गरजेनुसार पुन्हा औषध हवे. कोणते औषध, किती आणि केव्हा, तसेच औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. यकृत दुबळे असेल तर औषधे शरीरातून निघायलाही वेळ लागतो, म्हणून फार खंगलेल्या जनावराला घरच्या घरी औषध पाजू नये.

जंत पोटात जाऊ नये म्हणून

औषधाचा खर्च वाचवणारी कामे घरच्या घरी होतात. पाणी ओसरू लागले की तलावाच्या आणि बोडीच्या काठी हिरवा पट्टा उरतो. जनावरे तिकडे धावतात आणि गोगलगायीही तिथेच असतात. शक्य तोवर गुराख्याने कळप उंचावरच्या रानात न्यावा आणि पाणी विहिरीचे किंवा हातपंपाचे टाक्यात भरून पाजावे. बांध्यांतून कापलेले ओले गवत तसेच घालू नये. जंताची कवचे पाण्यालगतच्या बुंध्यावर अधिक असतात आणि कडक उन्हात वाळल्याने ती मरतात. म्हणून तो भाग दोन-तीन दिवस चांगला वाळवून मगच खाऊ घालावा. नीट वाळवून रचलेली जुनी तणीस बरीच सुरक्षित असते. ताजे शेण तलावाच्या उतारावर टाकू नये, खड्ड्यात कुजवावे. खताच्या उष्णतेने अंडी मरतात आणि शेतालाही खत मिळते.

एकाच घराने हे केले तर फायदा थोडा. तलाव गावाचा असतो, कळप एकत्र चरतो, गोगलगाय कोणाच्या बैलाचे शेण आहे हे पाहत नाही. म्हणून ग्रामसभेत दिवस ठरवून सर्व जनावरांची तपासणी आणि औषध एकाच वेळी व्हावे. प्रत्येक केंद्राने एक साधी वही ठेवावी : जनावर, मालकाचे नाव, छातीचा घेर, पापणीचा रंग, शेणाचा निष्कर्ष, दिलेले औषध आणि तारीख. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशा तीन नोंदी जरी झाल्या, तरी कोणता बैल सावरतो आहे आणि कोणता खचतो आहे हे रोवणीच्या आधी कळेल, आणि त्याच्यासाठी काही करायला वेळ उरेल.